नवरा लिहा

राजवाड्यामागची गल्ली रुंद करायला घरं पाडली, तेव्हा घरमालकाला केंद्र सरकारच्या घरकुल योजनेतला फ्लॅट मिळाला. त्याच घरात बावीस वर्षं भाड्यानं राहिलेल्या बेबीच्या हाती काहीच आलं नाही. भाड्याची पावती तिला कधी कोणी दिलीच नव्हती. तेव्हापासून ती आणि तिचे आंधळे थोरले भाऊ संताजी एका बंद दुकानाच्या ओटल्यावर राहत होते. सुदामा नगरात चार घरी पोळ्या लाटून ती दोघांचं भागवत होती.

एका सकाळी सरकारी गाडी आली. दिल्लीहून पाहणीला पथक यायचं होतं, फुटपाथ मोकळे हवे होते. विक्रम नावाच्या कर्मचाऱ्यानं फॉर्म काढला.

"चला अम्मा, रैन बसेऱ्यात सोडतो, सरकारी निवारा आहे. पुरुषांचा अलग, बायकांचा अलग."

"भिया, ह्यांना दिसत नाही. मी नसले तर ताटातला घाससुद्धा सापडत नाही ह्यांना."

"फॅमिलीचा एक कमरा रिकामा आहे, पण तो पती-पत्नीलाच देतात. नातं काय लिहू?"

बेबी म्हणाली, "नवरा लिहा."

"बेबी!" संताजी उठून उभे राहिले. "बहीण आहे साहेब, माझी सख्खी बहीण. असलं पाप माझ्या कपाळी नको."

"दादा, कागदावरच तर आहे," ती त्यांच्या कानाशी पुटपुटली. ते ऐकेनात. विक्रमलाही वाईट वाटलं असावं, पण भावा-बहिणीसाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. त्यानं दोन वेगळे फॉर्म भरले.

बायकांचा बसेरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. रोज दुपारी दोन बस बदलून बेबी भावाला भरवायला जाई. पाचव्या दिवशी ती तापानं फणफणली, उठताच आलं नाही. सहाव्या दिवशी गेली, तर पलंग रिकामा.

"बेबी कुठंय, बेबी कुठंय करत काल निघून गेले," चौकीदार म्हणाला. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, आपल्या मर्जीनं गेले.

तीन दिवस ती ठाणी आणि इस्पितळं फिरली. शेवटी एका शवागारात संताजी सापडले. हमरस्ता ओलांडताना ट्रकनं उडवलं होतं.

तिनं पदरानं त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली. "एकदा गप्प बसला असता तर, दादा," ती म्हणाली. आणि तिला त्यांचाच असा राग आला, की रडूच फुटेना.