टाचेखालची भेग

बेसबॉलचं मैदान कसं असावं, तर श्रावण खंडारे सरांच्या मैदानासारखं, असं स्वतः खंडारे सरच सगळ्यांना सांगत. अमरावतीतल्या एका शाळेमागच्या काळ्या जमिनीवर त्यांनी बारा ट्रॉल्या लाल मुरूम पसरून घेतला होता, पोरींना हाताशी धरून खडे वेचले होते. तिथे चेंडू सरळ आला की सरळच यायचा, उगाच कुठे आडवातिडवा उसळायचा नाही. त्या मुरमावर बावीस वर्षं सर एकच धडा घोटून घेत होते. गुडघे वाकव, ग्लोव्ह जमिनीला टेकव, चेंडूसमोर ये, नजर चेंडूवर. चुकलं की म्हणायचे, "पुन्हा. घाई नाई." दिवसातून शंभरदा तरी म्हणायचे.

यंदाच्या उन्हाळी शिबिरात हा धडा एकाच पोरीच्या डोक्यात शिरत नव्हता. प्रणाली, तेरा वर्षांची, रिद्धपूरजवळच्या खेड्यातल्या जानरावांची लेक. चेंडू निघाला की तिची नजर आधी जमिनीवर जायची, मग चेंडूवर, आणि तोवर चेंडू मागे पसार झालेला असायचा. सरांनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. पोरगी चेंडूला भिते, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. अकोल्याचा सामना झाला की हिला घरी घेऊन जा, असा जानरावांना फोनही केला. प्रणालीला ते कळलं तेव्हा ती ग्लोव्ह उराशी धरून बसली. तिला हा खेळ सोडायचा नव्हता, आणि हे सरांना सांगायची हिंमत तिच्यात नव्हती.

अकोल्यात ठरलेल्या मैदानावर लग्नाचा मांडव पडला होता, म्हणून सामना शहराबाहेरच्या एका मोकळ्या जागेत हलवला. जमीन काळी, दिवस एप्रिलचे, म्हणजे भेगा पडण्याचे. पण यजमानांनी आदल्या दिवशी वरून माती पसरून, पाणी मारून रोलर फिरवला होता, त्यामुळे जागा सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत दिसत होती. सर खूश झाले.

सामन्याआधी पाहतात तर प्रणाली शूज काढून दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे अनवाणी फिरत होती. टाच टेकवायची, थांबायची, हळूच पुढे सरकायची.

"काय करून राहिली व?"

"सर, इथून तिथवर खाली भेग हाये. वरून बुजवली. बॉल इथं वाकडा जाईन."

"आधी बॉलले भेत होती, आता जमिनीले बी भेवून राहिली? शूज घाल पहिले!"

तिने शूज घातले आणि राखीव पोरींच्या बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली ती जागा म्हणजे शॉर्टस्टॉपची. सगळ्यात जास्त सरपटते चेंडू तिथेच येतात. तिथे सरांनी त्यांची लाडकी रागिणी उभी केली. चौथ्या इनिंगमध्ये तिच्याकडे एक साधा चेंडू आला. रागिणीने सगळं बरोबर केलं. गुडघे वाकलेले, ग्लोव्ह खाली, नजर चेंडूवर. हातभर अंतरावर चेंडू एकदम उसळला आणि तिच्या ओठावर बसला.

सर बर्फ घेऊन धावले. रक्त पुसता पुसता त्यांचं लक्ष खाली गेलं. चेंडू लागून वरची माती ढासळली होती आणि आत मनगट जाईल एवढी काळी फट उघडी पडली होती. सकाळी प्रणालीने टाच टेकवली होती तीच जागा!

"चूक माही होती, पोरी," ते रागिणीला म्हणाले. तिला सावलीत बसवलं आणि प्रणालीला आत पाठवलं.

शेवटची इनिंग आली. अमरावती एका रनने पुढे, अकोल्याच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की खेळ संपला, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांच्या पोरी पळायला टपलेल्या. एक चेंडू सुटला की सामना हातचा गेला. आणि टोलवलेला चेंडू नेमका प्रणालीच्या उजव्या बाजूला निघाला.

"समोर ये!" सर सवयीने ओरडले.

प्रणालीने एकदा जमिनीकडे पाहिलं आणि उलट डावीकडे, चेंडूपासून लांब, दोन पावलं टाकली. रिकाम्या जागी ग्लोव्ह टेकवून ती वाकून बसली. चेंडू सरपटत आला, कसलीच खूण नसलेल्या गुळगुळीत मातीवर खट्‌कन वळला, आणि घरचा रस्ता धरावा तसा तिच्या ग्लोव्हमध्ये शिरला. तिने तो पहिल्या बेसकडे फेकला. टोला मारून तिकडे पळत सुटलेली पोरगी चार पावलं मागे होती. बाद!

पोरी नाचायला लागल्या. सर जागचे हलले नाहीत. बावीस वर्षांत त्यांनी चेंडूमागे धावणारे कितीतरी खेळाडू घडवले होते, पण चेंडूच्या आधी जाऊन त्याची वाट पाहणारं कुणी त्यांनी बघितलं नव्हतं. मग त्यांना आपला मुरूम आठवला. तिथेही ती खालीच पाहायची. तिला जे वाचता येत होतं, त्यावर आपणच बारा ट्रॉल्या मुरूम ओतून ठेवला होता.

"कोनं शिकवलं तुले हे?"

"कोनंच नाई. वखराच्या वक्ती बाबा मले बैलाईच्या पुढं चालाले लावते. बुजलेल्या भेगीत बैलाचा पाय गेला, त मोडते ना सर."

सरांनी तिथेच जानरावांना फोन लावला. "पोरीले न्याले येऊ नका," एवढंच म्हणाले. फोन खिशात टाकून ते खाली बसले, शूज काढले, मोजे काढले.

"दाखव मले."

माती चटके देत होती. प्रणालीने बोट दाखवलं तिथे त्यांनी टाच टेकवली.

"कळलं, सर?"

"नाई."

पोरींच्या गुडघ्यांकडे ते मान तिरकी करून पाहायचे, अगदी तशीच मान तिरकी करून ती त्यांच्या पायाकडे पाहत होती.

"पुन्हा," ती म्हणाली. "घाई नाई."

सरांनी टाच उचलली आणि पुन्हा टेकवली.