पालथी पाटी

नार्सिसाच्या रानात रात्री झाडांवर हिंडणाऱ्या त्या प्राण्याला गावाने वर्षानुवर्षं कुसुंबो, म्हणजे नेहमीचाच एक रानप्राणी, समजून केळी घातली. मग शास्त्रज्ञ आले आणि म्हणाले, हा कुसुंबो नव्हेच, हा ओलिंगितो. जगाला आजवर ठाऊकच नसलेला. झालं. नार्सिसाच्या रानाकडे पाहुण्यांची रीघ लागली आणि फाउस्तो मालकांना अचानक आठवलं की नार्सिसा आपली मुलगी आहे. जन्मभर आठवलं नव्हतं. तिच्या आईने लोकांचे कपडे धुऊन धुऊन ते रान विकत घेतलं, तेव्हाही नाही.

दरडीने रानाची वाट, ओढ्यावरच्या साकवासकट, वाहून नेली होती. ती दुरुस्त करायला गाव मिंगासाठी जमलं होतं: घरटी एक माणूस, मजुरी नाही, काम केलं की जेवण. नार्सिसाने मक्याचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं होतं. तेवढ्यात मालक घोड्यावरून आले. मागे गड्याच्या खांद्यावर भलीमोठी रंगवलेली पाटी: ‘फाउस्तो आल्दास आणि कन्या, ओलिंगितो वन’.

“सगळ्यांदेखत सांगतो,” मालक म्हणाले, “आजपासून हिला माझं आडनाव. ये पोरी, बाबा म्हण.”

फावडी थांबली. नार्सिसाच्या अंगाची लाही लाही झाली. ही पाटी फाटकावर लागली की रान यांचं होणार आणि आईचं नाव कायमचं पुसलं जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

“मालक,” ती म्हणाली, “नवं नाव मिळालं म्हणून त्या प्राण्याने दोन केळी जास्त खाल्ली नाहीत. नाव नव्हतं तेव्हाही तो जगतच होता. मीसुद्धा.”

“अगं, उपकार करतोय तुझ्यावर.”

“तो केव्हाच केलात. तुम्ही आडनाव दिलं नाहीत, म्हणून मला आईचं मिळालं.”

“पाटी मात्र जाड आहे हं,” शेजारचा म्हातारा मेल्चोर पुटपुटला.

“ती घेते की.” नार्सिसाने गड्याच्या खांद्यावरची पाटी ओढली आणि ओढ्यावर पालथी टाकली.

मेल्चोर चिखलाच्या बुटांनी पाटीवर चढला, दोनदा नाचून बघितलं. “भक्कम आहे. मालकांचं नाव पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलं.”

“जेवायचं असेल तर फावडं घ्या, मालक,” नार्सिसा म्हणाली. “काम पलीकडे आहे.”

मालक ओढ्यापर्यंत आले, खाली पाहिलं आणि परत फिरले. बाकी गाव दिवसभर त्या पाटीवरून ये-जा करत राहिलं.