माळ्यावर ताई काय रडली

"वर चढायला बंदी आहे, आजी," पहारेकरी म्हणाला.

"ठाऊक आहे रे बाबा. तेव्हा खाली उतरायला बंदी होती," सिऊथो म्हणाली आणि काठी आपटत आत शिरली.

मागून तिची धाकटी बहीण योनमोई आली. सूतगिरणीत उभं आयुष्य काढलेली बाई, कानाला जरा जड. शिडीला दोर बांधला होता. वर तोच काळवंडलेला लाकडी माळा. बाहेर तळ्यात कासवं ऊन खात होती, म्हातारे पत्ते खेळत होते आणि पाटीवर लिहिलं होतं: शांतता राखा. हाक्का या चिनी लोकांचं अख्खं गाव भुयारी रेल्वेसाठी उठवलं, माणसं उंच इमारतींच्या खुराड्यांत कोंबली आणि चार घरं तेवढी रंगवून बागेत बघायला ठेवली; त्यातलं हे एक, दोघींचं माहेर. माणसांपेक्षा भिंतींचं नशीब थोर!

दोघी उंबऱ्याजवळच्या बाकावर टेकल्या. योनमोईनं डब्यातून तांदळाचे हिरवे उंडे काढले.

"खा. उद्यापासून तुझ्या लेकाच्या मँचेस्टरात पावच चावायचाय."

"दात कुठं आहेत चावायला?"

"ताई, आता तरी सांग."

"काय सांगू?"

"सोंग नको करूस. तिसऱ्या रात्री माळ्यावर काय रडलीस तू? आई शिडीखालून परतली ती थरथरत. मी विचारलं तर मला थोबाडलं. एवढी म्हातारी झाले, अजून ते डोक्यातून जात नाही."

लग्नाआधी मुलीला माळ्यावर बसवायचे आणि तिनं रडगाणं गायचं, ही त्यांची रीत. मध्यस्थिणीला, भावाला, प्रत्यक्ष बापाला शिव्या घालायच्या आणि कुणी राग धरायचा नाही. जन्मभर तोंड दाबून ठेवायचं आणि निघताना तीन रात्री उघडू द्यायचं! वर मोठेपणा असा, की केवढी मोकळीक दिली.

सिऊथोनं उंडा अर्धाच ठेवला. माळ्याकडं बघितलं. आणि बसल्या जागी, फाटक्या पण खणखणीत आवाजात सुरू केलं:

"थोरली विकून, बाबा, दादाचं तिकीट काढलंस,
बोटीत तो बसला, डोलीत मी बसले.
धाकटीला विकशील, तर चूल तुझी विझेल,
पितरांच्या पाटीवर तुझं नाव कुणी न लिहील!"

योनमोईनं डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ती मध्यस्थीण आली की बाबा झाडू घेऊन अंगावर जायचे, ते..."

"भ्यायला होता मेला."

"मला वाटायचं, माझ्यावर माया होती त्यांची! दरवर्षी थडग्यावर भाजलेलं डुक्कर नेते मी, ताई! मला म्हणाले, जा गिरणीत, कर मनासारखं लग्न..."

"नेत जा. डुक्कर शेवटी आपणच खातो ना?"

दोघी हसल्या. मग सिऊथोचं हसू मावळलं.

"रडगाण्याला खालून कुणीतरी उत्तर द्यायचं असतं. आईनं दिलं नाही. तशीच गेले मी, बिनउत्तराची."

आवाज ऐकून पहारेकरी दारात आला होता. "आजी, इथं गाता येत नाही..."

योनमोईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तिला गाणं येत नव्हतं. तिचं लग्न कचेरीत सही करून झालं होतं, तिला कुणी माळ्यावर बसवलंच नव्हतं. तिनं गुडघे जवळ घेतले, डोळे मिटले आणि बेसूर, गिरणीतल्या यंत्रांवरून ओरडावं तशी ओरडली:

"मेलं ते विमान! त्याचे पंख झडोत!
माझ्या ताईला नेणाऱ्याच्या चाकातली हवा जावो!
आणि तो मँचेस्टरचा पाऊस त्याच्याच घरात गळो!"

सिऊथो आधी खो खो हसली. मग तोंडाला पदरासारखा रुमाल लावून रडायला लागली. रीतीप्रमाणे, मोठ्यानं.

कॅमेरे घेतलेलं एक जोडपं पायरीपर्यंत आलं. पहारेकऱ्यानं दार अर्धं ओढून घेतलं.

"थोड्या वेळानं या," तो म्हणाला. "आत काम चालू आहे."

आणि दाराकडं पाठ करून उभा राहिला.