चाळिसाव्या पानापाशी

सोळा सोमवारांचं उद्यापन जवळ आलं होतं. नैवेद्य आपल्याच स्वयंपाकघरात, सोवळ्यात व्हावा, एवढंच माझ्या मनात होतं. पण आमच्याकडे खर्चाचं हे बघतात, आणि ह्यांनी सांगून टाकलं होतं, "जे स्वस्त पडेल ते. देव बिल भरायला येत नाही."

स्वयंपाकाच्या कांताबाई घरी आल्या, तर त्यांची मजुरी, हाताखालच्या बायका आणि भांड्यांचं भाडं मिळून अठ्ठेचाळीसशे. शिवाय शिधा पानाला एकशेवीस. नाहीतर धायरी फाट्यावरचा राकेश केटरर तयार जेवण आणून देणार, पानाला दोनशे चाळीस, वर काही नाही.

सोमवारी सून अपूर्वा घरूनच काम करत होती. सकाळीच कागद घेऊन बसली. "आई, पानं किती?"

सोमवारी संध्याकाळच्या पूजेपर्यंत माझं मौन असतं. लिहूनसुद्धा काही सांगायचं नाही. मी आधी दहा बोटं दाखवली, मग सहा.

"सोळा. कांताबाईंचे होतात सहा हजार सातशे वीस, राकेशचे तीन हजार आठशे चाळीस."

"मिटलं," हे म्हणाले. "लावतो राकेशला फोन."

"बाबा, संध्याकाळी लावा. आईंना बोलू तर द्या."

"बोलल्याने आकडा उतरणार आहे का?"

मी दाखवली होती ती सोळा मेहुणं. मेहूण जोडीनेच मोजायचं. नवरा-बायको सुटे मोजावेत, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

अपूर्वाचा कागद टेबलावर राहिला होता. त्यावर दोन रेघा. कांताबाईंची उंचावरून निघालेली, पण सावकाश चढणारी. राकेशची अगदी तळातून, पण चढ उभा. पुढे कुठेतरी ती पहिलीला गाठणार हे दिसत होतं, आणि कागद मात्र विसापाशी संपला होता. दुपारी जपाला बसले, तर मन सारखं त्या कागदाच्या कडेबाहेर जाई. गाठत असेल कुठे?

आरती झाली, तीर्थ घेतलं आणि विचारलं, "अपूर्वा, त्या रेघा भेटतात कुठे गं?"

"दिवसभर मौन, आणि पहिला प्रश्न रेघांचा," हे म्हणाले.

"सोप्पं आहे, आई. दोन्ही खर्च सारखे धरायचे. राकेश पानामागे एकशेवीस जास्त घेतो. त्यातून अठ्ठेचाळीसशे भरून निघायला किती पानं लागतील? चाळीस."

"अगं, पण मी दाखवली ती सोळा मेहुणं होती."

अपूर्वा कपाळाला हात लावून हसली. "म्हणजे बत्तीस."

"तरी राकेशच," हे म्हणाले.

"आणि घरचे?" अपूर्वाने विचारलं.

"घरचे कुठे पानांत धरतात? आपण मागून बसतो," मी म्हटलं.

"मागून बसलात म्हणून राकेश पैसे सोडणार आहे का?"

मग आम्ही मोजायला बसलो. गुरुजी. आम्ही दोघं. अपूर्वा आणि आमचा मुलगा सौमित्र. वॉचमन ज्ञानदेव, त्याची बायको. जिना झाडणाऱ्या वेणूबाई. बरोबर चाळीस. दोन्हीकडे नऊ हजार सहाशे.

"घ्या," हे म्हणाले. "आता गणितानेही मौन धरलं."

हट्ट करायचा नाही, हाही माझा नेम आहे. वाती वळत बसले. ह्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, कागद जवळ ओढला.

"नैवेद्याचं पान कुणी मोजलंय?"

अपूर्वाने कागदाला दुसरा कागद जोडला, रेघा लांबवल्या. चाळिसाला एकमेकींना छेदून राकेशची रेघ वर गेली होती.

"एक्केचाळीसला कांताबाई एकशेवीसने स्वस्त, बाबा."

"मग सांगा कांताबाईंना. मी फक्त स्वस्त काय ते बघतो." आणि ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मी त्या जोडलेल्या कागदावरून बोट फिरवत होते. "अपूर्वा, पुढे कधी परत भेटतात का गं या?"

"नाही, आई. सरळ रेघा एकदाच."

"तरी बरं," पेपरामागून आवाज आला.