डाव्या खिडकीतला रस्ता

महालिंगआप्पांच्या ट्रकच्या डाव्या खिडकीतून जुना रस्ता दिसतो आणि उजव्या खिडकीतून नवा. आप्पांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं, टायर दाखवावेत तसं. "डावी बाजू जुनी हाय. बघून घे, मागनं तक्रार नको," म्हणाले. मी टायर बघितले, इंजिनाचा आवाज ऐकला आणि क्लीनरच्या सीटवर चढून बाहेर पाहिलं. तिथं बार्शीच्या मार्केट यार्डाची भिंत असायला हवी होती. त्याऐवजी वडाची रांग होती आणि खाली इस्माईल पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. इस्माईलला जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यानं मान वर करून मला हात केला. मीही केला.

तिथंच माझं मन त्या गाडीवर बसलं, खोटं कशाला बोलू.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. गाडी करारावर घ्यायची, महिन्याच्या महिन्याला त्यांचं त्यांना द्यायचं, डिझेल आणि मोडतोड माझी. मुदत संपली की गाडी माझ्या नावावर. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या गाड्या पार गुवाहाटीपर्यंत हाणल्या, पण दारावर नाव कायम दुसऱ्याचंच. उत्तरेश्वर माळगे हे नाव कुठल्या दारावर लागलं नाही. आणि इथं नाव तर लागणारच होतं, वर वडाची सावलीही मिळणार होती. चौपदरी रस्ता झाला तेव्हा ते वड एका उन्हाळ्यात आडवे केले. त्या दिवसांत मी खोबरं भरून चाललो होतो आणि भर रस्त्यात गाडी उभी करून रडलो होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या बायकोनं, कलावतीनं, माझ्यासाठी वेगळंच ठरवलं होतं. गावातल्या कॉलेजच्या बसवर ड्रायव्हर पाहिजे होता. सकाळी पोरं आणायची, संध्याकाळी सोडायची, दिवेलागणीला घरी.

"लग्न झाल्यापासनं तुम्ही पाव्हण्यागत येताय," ती म्हणाली. "आता तरी नवऱ्यागत या."

"बसमधनं दोन्हीकडं नवाच रस्ता दिसतो," मी म्हणालो.

"मग दिसू द्या की."

मी ताटावरून उठलो. माझा स्वभावच तसा आहे, पटकन डोकं फिरतं. अर्ध्या तासानं परत येऊन तीच भाकरी खाल्ली, गार झालेली.

आमच्या ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे. कराराची गाडी ठरवण्याआधी घरच्या बाईला डाव्या सीटवर बसवतात आणि पहिल्या पुलापर्यंत नेतात. पुलावर तिला विचारायचं. ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, पण एकदाच. तिचं उत्तर मालकाच्या कानावर पडलं की व्यवहार झाला किंवा मोडला. पुन्हा विचारत नाहीत, समजूत काढत नाहीत. आप्पांसारखा माणूसही त्यापुढं एक शब्द बोलत नाही.

कलावती नाहीच म्हणणार होती. नवं लुगडं नेसून ती गाडीत चढली तेव्हाच तिच्या तोंडावर ते दिसत होतं. आप्पांनी टायरखाली लिंबू ठेवलं आणि स्कुटर काढून आमच्या मागं निघाले.

गाव सुटलं. समोरच्या काचेत मधल्या पट्टीच्या उजवीकडं दुभाजक, टोलचे फलक, मोटारी होत्या, आणि डावीकडं एकपदरी डांबरी, कडेला पांढरे दगड. समोरून बैलगाडी आली तर ती डाव्या अर्ध्यातच जाई. दोन्ही रस्ते एकमेकांना शिवत नव्हते. गाडी चालवायला काहीच अडचण नव्हती.

चूक माझीच झाली. वळणावर जुन्या सवयीनं मी बोलून गेलो, "डावी बघ गं."

ट्रकमध्ये हे वाक्य सहज बोलायचं नसतं. डावी बघ म्हटलं की डावीकडच्या माणसानं बघायचं आणि दिसेल ते सांगायचं, आणि ड्रायव्हर 'बास' म्हणेपर्यंत मान वळवायची नाही. कलावतीला हे मीच शिकवलं होतं, लग्नानंतर तिला पहिल्यांदा सोलापूरला नेलं तेव्हा. तिनं मान डावीकडं वळवली. मला बास म्हणायचं सुचलं नाही, कारण ती काय सांगते ते मला ऐकायचं होतं.

"वड हायती," ती म्हणाली. "दोन्ही अंगानं."

"अजून?"

"पेंटर हाय एक. गाडीच्या मागच्या फाळक्यावर मोर काढतोय. मोराला पाय काढायचे राहिलेत." थोड्या वेळानं म्हणाली, "वास येतोय ओ रंगाचा."

मला वास येत नव्हता. माझ्या बाजूला एसीच्या बसगाड्या धूर सोडत चालल्या होत्या. मला तिचा हेवा वाटला. गाडी मी घेणार, हप्ते मी भरणार, आणि वड बघायला मिळणार ते डावीकडच्या माणसाला. ड्रायव्हरला समोर बघावं लागतं. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"हरभरा उपटून खात्यात पोरी," ती म्हणाली. तिचा आवाज जरा लांबून आला. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. केबिन रुंद झाली होती. मघाशी हात लांब केला तर तिच्या खांद्याला लागला असता. आता आमच्यामध्ये एक बाज मावली असती. मी गिअर बदलला, पुन्हा पाहिलं, तर दोन बाजा मावल्या असत्या. डावीकडं केबिन जितकी वाढत होती तितकी माझी बाजू आवळत होती. दार कोपराला टेकलं, मग बरगड्यांना. स्टेअरिंग छातीशी आलं. मी श्वास थोडा थोडा घ्यायला लागलो.

"कलावती, बास," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून, हसून. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. केस काळेभोर दिसत होते. लांबून माणूस तरुण दिसतंच, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

पूल आला. उजवीकडं नवा उंच पूल होता, डावीकडं जुना, पाण्याला टेकलेला. मी अलीकडंच गाडी थांबवली. थांबवली म्हणजे काय, मला पाय हलवायला जागाच राहिली नव्हती. जुन्या पुलाच्या तोंडाशी कलावतीच्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं, पत्र्याचं, बाहेर दोन बाकडी. ते पुरात वाहून गेलं ते साल मला आठवतं. आता चूल पेटलेली होती आणि सासरे पाठमोरे बसून दूध ढवळत होते.

कलावतीनं तिच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली उतरली. परकर-पोलक्यातली, वेणी पाठीवर. तिनं बापाला काहीतरी विचारलं, पदर नव्हता म्हणून परकरालाच हात पुसले आणि बाकडं पुसायला लागली. लोक रोज कामावर जातात तशी गेली.

आप्पांनी स्कुटर माझ्या खिडकीशी लावली. "विचारलंस का?"

"आप्पा, ती तिकडं उतरली."

"उतरू दे की. पूल आलाय. विचार."

तेवढ्यात जुन्या पुलावरून एक हिरवी गाडी आली आणि हॉटेलपुढं थांबली. मी ती गाडी ओळखली. तिच्यातून मी उतरलो, पंचविशीतला, कानामागं बिडी, उगाच रुबाब करणारा. आणि मला तो दिवस आठवला. त्या दिवशी मी गाडीला पाणी घालायचं निमित्त करून या पोरीला विचारलं होतं, येतीस का माझ्यासंगं? ती हो म्हणाली होती. तेवढ्या एका शब्दावर माझं घर उभं राहिलं. त्या घरात मी पाव्हण्यागत का होईना, पण येत होतो.

तो तिच्याजवळ गेला. बिडी फेकली. त्यानं तोंड उघडलं.

"विचार रे," आप्पा म्हणाले. "मला परत जायचंय."

रीत म्हणजे रीत. उत्तर एकदाच. त्याला हो म्हणाली तर ते आप्पांच्या कानावर पडणार आणि करार झाला. मी पुन्हा गुवाहाटीला, ती पुन्हा दाराकडं बघत. गाडीला नाही म्हणाली तर ते त्यालाही ऐकू जाणार. तो बापडा पाणी घालून निघून जाणार, आणि मी दिवेलागणीला बस लावून कुठल्या घरी जाणार? मला भीती वाटली. आयुष्यात घाटात ब्रेक गेले तेव्हाही अशी वाटली नव्हती. मला बस चालेल, मला सांगायचं होतं. बसमधली पोरं मला मामा म्हणू देत, काहीही म्हणू देत. पण छातीत स्टेअरिंग रुतलेलं होतं आणि आवाजापुरतीच हवा उरली होती.

"कलावती," मी ओरडलो, "हो का न्हाई?"

त्याच वेळी त्यानंही विचारलं.

सासऱ्यांनी ढवळायचं थांबवलं. आप्पांनी स्कुटर बंद केली. बाकडं पुसता पुसता ती ताठ उभी राहिली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग लांब केबिनच्या या टोकाला माझ्याकडं बघितलं, दोघांकडं सारख्याच मायेनं, आणि बोलण्यासाठी श्वास घेतला.