पुसलेली अकरा वर्षं

अलेक्झांड्रियाच्या कर्मूझ वस्तीत मी फोटोचं दुकान थाटलं तेव्हा माझ्याकडे एक जुना कॅमेरा, एक स्टूल आणि समुद्र रंगवलेला पडदा होता. गिऱ्हाईक नव्हतं. वडिलांनी ईदपर्यंत मुदत दिली होती. नाही जमलं तर कापसाच्या गोदामात कारकुनी.

पहिला आला रिझ्क. कालव्याच्या धक्क्यावरचा हमाल. गाल बसलेले, भुवईपासून ओठापर्यंत व्रण.

"लग्न ठरवायचंय, मुलीच्या घरी फोटो पाठवायचाय, उस्ताद. बघून पळायला नकोत."

"देखणा करतो."

"पण एकच प्रत. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडता कामा नये. गावाकडे वैर आहे माझं."

मी शब्द दिला. मग दोन दिवस निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवली. व्रण पुसला, गाल भरले, डोळ्यांखालची वर्षं काढून टाकली. इतकं चांगलं काम मला पुन्हा जमलं नाही. तेव्हा तरी जमलं होतं का, याचीही आता खात्री नाही. पण त्या दिवशी राहवलं नाही. एक मोठी प्रत काढून दर्शनी काचेत लावली.

शेजारचा इस्त्रीवाला बिशारा हसला. "हा रिझ्क? अरे, याची आईसुद्धा ओळखायची नाही!"

तेवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडचा एक माणूस काचेसमोर बराच वेळ उभा राहिला. मग आत आला.

"हा कुठे भेटेल?"

मला गिऱ्हाईक वाटलं. "चारला येईल, फोटो न्यायला. बसा ना."

तो बसला. मी त्याला चहा पाजला.

रिझ्क केसांना तेल चोपडून हसतच आला. माणसाने बाहीतून सुरा काढला आणि पहिला वार मानेवर केला. रिझ्कने स्टूल उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. दोघे काचेवर कोसळले, काच खळकन् खाली आली. दुसरा वार पोटात, तिसराही तिथेच. रिझ्कने माझा पडदा मुठीत धरला, समुद्र त्याच्या अंगावर पडला आणि लाल होत गेला. "उस्ताद..." एवढंच तो म्हणाला. मी कॅमेऱ्याचं काळं कापड हातात धरून उभा होतो. दुसरं काहीही केलं नाही.

माणसाने तुटलेला दात थुंकला, स्टूल सरळ केलं आणि त्यावर बसला.

"माझा फोटो काढ. याने माझ्या थोरल्या भावाला मारलं त्याला अकरा वर्षं झाली. सूड घेतल्याशिवाय आई त्याच्या दुखवट्याला कुणाला दारात उभं करत नाही. तिला पाठवायचाय."

"तुम्ही त्याला... ओळखलंत कसं?"

"धक्क्यावर दोनदा समोरून गेला. दोनदा सोडून दिला, हा नव्हे म्हणून. तुझ्या फोटोत मात्र थेट तोच. आमच्या अंगणात जेवायला यायचा, तेव्हाचा."

मी त्याच्यापुढे रुमाल धरला, तोंडाचं रक्त पुसायला.

"राहू दे. आणि पेन्सिल लावायची नाही."

मी कापडाखाली डोकं घातलं. "हनुवटी जरा वर," मी म्हणालो आणि फोटो काढला.

पोलिसांनी त्याला नेलं, निगेटिव्हही नेली. ईदला माझ्या दारात रांग लागली. सगळ्यांना त्याच स्टुलावर बसायचं होतं. कारकुनी टळली.