पोटातलं तळं

मी एक जुनी काच आहे; पण मित्रांनो, नुसती काच म्हणू नका, माझ्या पोटात तळं आहे! दोन काचांमध्ये चार बोटांची फट, फटीत पाणी आणि पाण्यात जिवंत शेवाळ. दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या खोलीबाहेर, पश्चिमेला, मला उभं केलं. ऊन जितकं कडक, तितकी मी गर्द होते आणि आत पाळण्यांवर हिरवी सावली धरते. नळीतून हवेचे बुडबुडे सुटले की मला गुदगुल्या होतात. "तळ्याकाठी निजल्यासारखं वाटतं," असं एक बाळंतीण म्हणाली, तेव्हा तर मी फुलूनच गेले.

माझी निगा राखणारे काका एकदा रजेवर गेले. त्याच दिवशी सफाईच्या नव्या मावशी कामाला लागल्या. शेवाळ म्हणजे घाण, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी खालची तोटी सोडली, मला खळखळून धुतलं, स्वच्छ पाणी भरलं आणि म्हणाल्या, "बघा, आरशासारखी केली की नाही?"

दुपारी ऊन थेट पाळण्यांवर आलं. बाळं रडून लालबुंद झाली.

दुसऱ्या दिवशी काका आले आणि माझ्यातून आरपार बघत म्हणाले, "अहो मावशी, तळं सांडलंत की."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तूर्त पडदे लावा. आठ दिवसांत हिरवी झाली नाही, तर काच उतरवायची."

मावशी खालमानेनं गेल्या आणि हिरव्या पाण्याचा एक कॅन घेऊन आल्या. "एवढं पाणी फेकवेना. घरच्या कुंड्यांना घालणार होते."

काकांचे डोळे चमकले. "अहो, हे तर विरजण!"

"मग तसं आधी सांगायचं ना. विरजण लावण्यात माझी हयात गेली."

कॅन माझ्यात रिकामा झाला. मावशींनी नेमच धरला. सकाळचा चहासुद्धा माझे बुडबुडे पाहिल्याशिवाय नाही. हळूच विचारायच्या, "लागलं का गं?" तीन दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी माझ्या पोटात काहीतरी सळसळलं. सातव्या दिवशी मी पोपटी झाले!

आठव्या दिवशी, भर दुपारी, डॉक्टरबाईंनी पडदा सरकवला. एका बाळाच्या मिटल्या मुठीवर माझी सावली पडली. बाळ झोपूनच राहिलं.

"राहू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, हिरवं दिसलं की लगेच घासणी उचलू नका. आधी विचारा, हे जिवंत आहे का, कुणाच्या कामाचं आहे का? मावशी आता माझ्यातलं थोडं पाणी नेहमी कॅनमध्ये काढून ठेवतात. त्यावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी आहे: "विरजण. कुणी सांडू नये. मीसुद्धा."